खोल मिक्स्ड गॅस डायव्हिंग आणि बेंड्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारकर्लीला पहिली डाइव्ह, मग अंदमानात ओपन वॉटर, मग अॅडव्हान्स्ड, आणि आता श्रीलंकेतलं हर्मीस नाहीतर इजिप्त-माल्टाची बुडालेली जहाजं खुणावतायत, अशी मराठी मंडळी आता बरीच दिसायला लागलीयेत. ट्रायमिक्सचा, म्हणजे ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियम मिसळलेल्या गॅसवर डाइव्ह करायचा, कोर्स करायच्या आधी आणि केल्यानंतरही तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा नीट लिहून काढलेत. कोर्स आणि इन्स्ट्रक्टर लागतातच, हे त्यांच्याऐवजी नाहीये.

बेंड्स होतात म्हणजे शरीरात नेमकं काय होतं?

दर १० मीटरला साधारण एक अॅटमॉस्फिअर प्रेशर वाढतं, म्हणजे ५० मीटरवर सहा. त्या प्रेशरला तुम्ही जो गॅस श्वासात घेता त्यातला नायट्रोजन किंवा हेलियम रक्तातून सगळ्या अंगात विरघळत जातो. वर येताना प्रेशर कमी होतं आणि तो गॅस बाहेर पडायला लागतो, हळू आलात तर फुप्फुसातून निघून जातो, घाई केलीत तर रक्तात आणि टिश्यूत बुडबुडे धरतो. सोड्याच्या बाटलीचं उदाहरण सगळेच देतात आणि ते सुरुवातीला ठीक आहे, पण बाटली एकच असते आणि शरीरात रक्त, मेंदू, मज्जारज्जू, चरबी, सांधे हे सगळे वेगवेगळ्या वेगाने भरतात आणि वेगवेगळ्या वेगाने रिकामे होतात, खरी भानगड तिथेच आहे. शिवाय बुडबुडा नुसता अडथळा करून थांबत नाही, तो रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा करतो, सूज आणतो, रक्त गोठायची प्रक्रिया सुरू करतो. त्यामुळे बुडबुडा विरघळून गेला तरी त्रास मागे राहू शकतो.

ट्रायमिक्स घेतला की बेंड्सचा धोका कमी होतो ना?

नाही. हा गैरसमज इतका पक्का बसलाय की सगळ्यात आधी तोच काढायला हवा. हेलियम आपण घेतो तो डोकं ठिकाणावर राहावं आणि श्वास घेणं सोपं जावं म्हणून, डेको, म्हणजे वर येताना टप्प्याटप्प्याने थांबायचे स्टॉप, कमी व्हावा म्हणून नव्हे.

हर्मीसचंच उदाहरण घ्या. एचएमएस हर्मीस हे ब्रिटिश विमानवाहू जहाज, ९ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी बट्टिकलोआजवळ बुडवलं, तळ साधारण ५३ मीटरवर आहे. तिथे प्रेशर ६.३ अॅटमॉस्फिअर. साध्या हवेवर गेलात तर नायट्रोजनचं प्रेशर पाचच्या आसपास जातं, नार्कोसिस, म्हणजे प्रेशरखाली गॅसची चढणारी नशा, जोरदार, गेज वाचलं तरी डोक्यात शिरत नाही अशी अवस्था. त्याऐवजी १८/४५ घेतला, म्हणजे १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम आणि उरलेला ३७ टक्के नायट्रोजन, तर नार्कोसिस साधारण २५ मीटरवर हवेत असते तेवढीच. पण अंगात विरघळणारा गॅस एकूण तितकाच आहे, थोडा नायट्रोजन आणि थोडा हेलियम एवढाच फरक. वर यायला वेळ लागणारच.

एक मात्र खरं, डोकं साफ असेल तर माणूस चुका कमी करतो, वेळेवर निघतो, वर येताना एका गॅसवरून दुसऱ्यावर स्विच बरोबर करतो आणि त्यातून बेंड्सचा धोका आपोआप कमी होतो. ही मदत मोठी आहे, फक्त ती कुठून येते ते माहीत असावं.

श्वास सोपा जातो म्हणजे काय, गॅस तर गॅसच ना?

खोलीवर गॅस घट्ट होतो. ५३ मीटरवर साध्या हवेची घनता लिटरमागे ८ ग्रॅमच्या वर जाते, १८/४५ ची साधारण ५. डायव्हिंग मेडिसिनवाले सांगतात की शक्यतो ५.२ च्या आत राहा आणि ६.२ ही शेवटची हद्द माना. घट्ट गॅस ओढायला आणि विशेषतः बाहेर टाकायला जोर लागतो, कार्बन डायऑक्साइड अंगात साठतो, मग धाप, घाबरगुंडी, आणि माणूस सुसाट वर निघतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या बोएसमन्सगाट नावाच्या पाण्याने भरलेल्या गुहेत जानेवारी २००५ मध्ये डेव्ह शॉ नावाचे डायव्हर २७० मीटरवर वारले ते यातच. दहा वर्षांपूर्वी तिथे बुडालेल्या एका तरुणाचा मृतदेह वर आणायला ते उतरले होते. तळाशी धडपड वाढली, श्वास वाढला, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेना. ते बेंड्सने गेले नाहीत हे मुद्दाम सांगतोय, कारण खोल डाइव्हचा प्लॅन करताना लोक फक्त डेकोचं टेबल बघत बसतात आणि घनतेचा आकडा कुणी काढतच नाही.

आणि हेलियमचं आपल्या सिंधुदुर्गाशी काहीतरी नातं आहे म्हणतात ते?

आहे. १८६८ साली नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून सूर्याच्या वर्णपटात ती पिवळी रेषा पाहिली आणि ती कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याची नाही असं मांडलं. त्याच वर्षी १८ ऑगस्टच्या खग्रास ग्रहणाला फ्रेंच जान्सेन गुंटूरला दुर्बीण लावून बसले होते. लॉकियर स्वतः आपल्या विजयदुर्गावर आले ते पुढे, जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, आणि किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' अजून दाखवतात. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. मालवणला डायव्हिंगला गेलात तर वाकडी वाट करून जरूर जा, डायव्हर म्हणून तर जाच.

हेलियम अंगात पटकन शिरतो म्हणून डेको वाढतो, हे खरं का?

अर्धं खरं. हेलियमचा अणू हलका, त्यामुळे मॉडेलमध्ये तो नायट्रोजनच्या २.६५ पट वेगाने आतबाहेर करतो असं धरलेलं असतं. ब्यूलमन यांचं मॉडेल शरीराचे कल्पित कप्पे धरून हिशोब करतं, त्यात सगळ्यात हळू कप्प्याचा हाफ टाइम, म्हणजे अर्धा भरायला लागणारा वेळ, नायट्रोजनसाठी ६३५ मिनिटं आहे आणि हेलियमसाठी २४०. या हिशोबाने छोट्या खोल डाइव्हला हेलियम जास्त भरतो आणि मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर जास्त डेको सांगतो, याला लोक हेलियमचा दंड म्हणतात. पण अमेरिकन नेव्हीने चेंबरमध्ये खऱ्या डायव्हरवर ट्रायमिक्स आणि हेलिऑक्स (नुसता हेलियम आणि ऑक्सिजन, नायट्रोजन नाही) समोरासमोर तपासून पाहिलं, २०१५ मध्ये रिपोर्ट आला, तर ट्रायमिक्समुळे डेको जास्त कार्यक्षम होतो असं काही दिसलं नाही. म्हणजे हेलियम कमी करून डेको वाचवायचा विचार बहुधा कागदावरच वाचवतो. चार मिनिटं वाचवायला हेलियम कापून नार्कोसिस आणि घनता वाढवून घेऊ नका, माझं यावर ठाम मत आहे. हेलियम महाग आहे, आपल्याकडे तर मिळवताना नाकी नऊ येतात, ते कळतं, पण परवडत नसेल तर डाइव्ह उथळ करा.

कॉम्प्युटर सांगेल तसं केलं, एकही स्टॉप चुकवला नाही, तरी बेंड्स होऊ शकतात?

हो, होऊ शकतात, आणि हे मनापासून मान्य केल्याशिवाय ट्रायमिक्सला हात लावू नये.

कॉम्प्युटर तुमच्या अंगातला गॅस मोजत नाही. तो खोली आणि वेळ मोजतो, गॅस तुम्ही सांगितलेला धरतो आणि एका गणितातून अंदाज काढतो. या गणिताची सुरुवात जॉन स्कॉट हाल्डेन यांनी केली, त्यांनी लंडनमध्ये बकऱ्यांना प्रेशर चेंबरमध्ये ठेवून प्रयोग केले आणि बॉयकॉट आणि डॅमंट यांच्याबरोबर १९०८ साली टेबलं छापली, शरीराचे पाच कल्पित कप्पे धरले, ५ मिनिटांपासून ७५ मिनिटांपर्यंत हाफ टाइमचे, आणि प्रेशर निम्म्यावर येईपर्यंत त्रास होत नाही असा नियम बसवला. (त्यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन, त्यानेही दुसऱ्या महायुद्धात चेंबरमध्ये स्वतःवर प्रयोग केले, पुढे भारतात आला, भारतीय नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.) नंतर झुरिकच्या अल्बर्ट ब्यूलमन यांनी कप्पे १६ केले, हेलियमचं वेगळं गणित घातलं, आणि आज तुमच्या मनगटावर बहुधा तेच चालू असतं. पण कप्पे कल्पितच आहेत. आज तुमची झोप झालीये का, पाणी प्यालात का, खाली करंटमध्ये किती पाय मारलेत, थंडी वाजतेय का, यातलं काहीच त्याला माहीत नसतं.

मनोरंजनाच्या डायव्हिंगमध्ये दर दहा हजार डाइव्हमागे एक-दोन केसेस असा ढोबळ आकडा अभ्यासातून येतो. खोल डेको डाइव्हमध्ये धोका त्याहून जास्त, कारण हद्दीजवळ राहूनच सगळं चाललेलं असतं. कॉम्प्युटर 'क्लिअर' दाखवतो म्हणजे धोका कमी झाला, संपला असं नाही.

ग्रेडियंट फॅक्टर किती ठेवू?

इन्स्ट्रक्टरशी बोलून ठरवा, पण काय ठरवताय ते समजून. कॉम्प्युटरने किती सावध राहायचं ते सांगणारे हे दोन आकडे, लो आणि हाय. लो म्हणजे पहिला स्टॉप किती खोल येणार, हाय म्हणजे पाण्याबाहेर येताना ब्यूलमनच्या हद्दीच्या किती जवळ जाणार. हाय ७० ठेवला तर हद्दीच्या ७० टक्क्यांवर बाहेर, ९५ ठेवला तर जवळजवळ काठावर. हाय कमी ठेवलात की ६ आणि ३ मीटरवरचा वेळ वाढतो, आणि तो वेळ खरा कामाचा. बोटवाला घाई करतोय म्हणून पाण्यात असताना हाय वाढवणारे लोक आहेत, असं करू नका. आणि टीममध्ये सगळ्यांचे आकडे एकच असू द्या, नाहीतर एकजण वर निघून जातो आणि दुसरा एकटा लटकत बसतो.

डीप स्टॉप, म्हणजे वर येताना बरेच खोलवर घ्यायचे स्टॉप, करायचे की नाही? आमच्या कोर्समध्ये शिकवले होते.

शिकवले असतील, एक काळ होता तेव्हा सगळेच शिकवायचे. हवाईचे मत्स्यशास्त्रज्ञ रिचर्ड पाइल खोलवरून मासे आणायचे, माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला टोचून गॅस काढायला ते मध्येच खोलवर थांबायचे आणि त्या दिवशी आपल्याला थकवा कमी जाणवतो असं त्यांच्या लक्षात आलं, तिथून ही पद्धत पसरली. पुढे बुडबुड्यांची मॉडेलं आली आणि कॉम्प्युटरमध्येही शिरली.

मग अमेरिकन नेव्हीने खरी तपासणी केली. १७० फूट, म्हणजे ५२ मीटर, तळाला ३० मिनिटं, डेकोचा एकूण वेळ दोन्ही बाजूंना सारखाच, फक्त एका गटाचे स्टॉप खोल आणि दुसऱ्याचे उथळ. जवळपास दोन-दोनशे डाइव्ह झाल्या. खोल स्टॉपवाल्यांमध्ये बेंड्सचं प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेलं, उथळवाल्यांमध्ये दोन टक्क्यांच्या आत राहिलं. रिपोर्ट २०११ चा. कारण कळायला सोपं आहे, खोलवर थांबता तेव्हा भराभर भरणारे टिश्यू रिकामे होतात हे खरं, पण हळू टिश्यू त्याच वेळी अजून भरतच असतात आणि ते बिल शेवटी ३ मीटरवर येतं. ती डाइव्ह हवेवरची होती, ट्रायमिक्सची नव्हती, असा आक्षेप घेतात आणि तो घेण्यासारखा आहे, तरीपण डीप स्टॉपच्या बाजूने एवढा मजबूत पुरावा कुणीच आणलेला नाही. म्हणून लो १० किंवा २० ठेवणारे आता बरेच जण ४०-५० वर आलेत.

स्टॉपवर असतानाच गरगरायला लागलं तर? कानाचं काय असतं ते?

आतल्या कानाचे बेंड्स. खोल हेलियम डाइव्हमध्ये हे पाण्यातच, वर येता येता सुरू होऊ शकतात, इतर प्रकार बहुतेक वर आल्यावर दिसतात. एकदम भोवंड, उलट्या, लाइन धरूनही आपण कुठल्या बाजूला आहोत ते कळत नाही, कधी ऐकू येणं कमी होतं. आतल्या कानात द्रव भरपूर आणि रक्तपुरवठा मानाने कमी, म्हणून तिथला गॅस सावकाश निघतो. त्यात हेलियमच्या मिक्सवरून नायट्रोजन जास्त असलेल्या गॅसवर आलात तर हेलियम बाहेर पडायच्या आत नायट्रोजन शिरतो आणि काही वेळ एकूण गॅस वाढतो. म्हणून नायट्रोजनची मोठी उडी ऐन मधल्या खोलीवर, जिथे कान आधीच भरलेला असतो, तिथे टाळतात, स्विच एकतर बराच खोल नाहीतर उथळ ठेवतात, आणि स्विचच्या वेळी ऑक्सिजन भरपूर राहील असं बघतात.

शॉ गेले त्याच डाइव्हमध्ये त्यांचे साथीदार डॉन शर्ली यांना हेच झालं. गरगर आणि उलट्या चालू असताना त्यांनी तासन् तास अंधारात डेको केला, वर आले, वाचले, पण तोल कायमचा बिघडला. अशा वेळी एकटा माणूस रेग्युलेटर तोंडात धरून राहील याची खात्री नसते, म्हणून सपोर्ट डायव्हर असणं ही चैन नाही.

गॅस स्विच करताना काय बघायचं?

ऑक्सिजनचं प्रेशर. ५० टक्केवाला २१ मीटरवर, शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरवर, दोन्हीकडे हे प्रेशर, म्हणजे पीओटू, १.६ च्या आसपास येतं आणि ती वरची हद्द आहे. खोलीवर चुकीचं रेग्युलेटर तोंडात गेलं तर झटके येतात आणि झटके पाण्यात आले की माणूस बुडतो, बेंड्सपर्यंत गोष्ट जातच नाही.

सिलिंडर स्वतः अॅनालाइझ करा, ऑक्सिजन आणि हेलियम दोन्ही, भरणाऱ्याने सांगितलं म्हणून धरू नका. मग रुंद टेप लावा, त्यावर मार्करने मिक्स, तारीख, आपलं नाव आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात एमओडी, म्हणजे तो गॅस जास्तीत जास्त किती मीटरवर चालतो तो आकडा, आणि तो अशा बाजूला की शेजारचा डायव्हर पाण्यात लांबून वाचू शकेल. स्विच करताना त्याने तुमचा आकडा बघायचा, तुमच्या होजवर बोट फिरवत रेग्युलेटरपर्यंत यायचं, आणि मान हलवली की मगच तोंडात घालायचा. दर वेळी. दोनशेव्या डाइव्हलाही.

आपल्याकडचं पाणी गरम असतं, मग थंडीचा प्रश्नच नाही ना?

आहे, आणि यावरचा प्रयोग वाचून मी स्वतः चमकलो होतो. अमेरिकन नेव्हीनेच केलेला, २००७ चा. १२० फुटांच्या डाइव्ह, पाणी एकतर ३६ डिग्री नाहीतर २७. तळाला गरम आणि डेकोला गार असलेल्यांमध्ये ३० मिनिटांच्या बॉटम टाइमला बेंड्सचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर गेलं, आणि तळाला गार, डेकोला गरम असलेल्यांना ७० मिनिटं तळाला ठेवूनही ते एक-दीड टक्क्यात राहिलं. लक्षात घ्या, त्यांचं 'गार' म्हणजे २७ डिग्री, म्हणजे आपलं अंदमान. तळाला अंग गरम असलं, त्यात तुम्ही पाय मारताय, तर रक्त जोरात फिरतं आणि गॅस भराभर भरतो, मग तासभर लाइनला लटकून कुडकुडलात की हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि भरलेला गॅस निघत नाही. ३ मिलीमीटरचा सूट घालून दीड तासाची डाइव्ह करू नका. हीटिंग जॅकेट असेल तर तळाला बंद आणि डेकोला चालू. उलटं केलंत तर तुम्ही त्या पहिल्या गटात.

पीएफओची तपासणी करून घ्यावी का?

पीएफओ म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं जन्माआधीचं भोक, ते साधारण चारातल्या एका माणसात पूर्ण बंद होत नाही, आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. डेको डाइव्हनंतर शिरांमध्ये बुडबुडे बऱ्याचदा असतातच, फुप्फुसं ते गाळतात, पण भोक असेल तर काही बुडबुडे गाळणी चुकवून थेट मेंदूकडे, कानाकडे, त्वचेकडे जातात. सरसकट सगळ्यांनी तपासणी करायची गरज नाही असं डायव्हिंग डॉक्टर सांगतात. पण आधी कानाचे, मेंदू-मज्जारज्जूचे किंवा त्वचेचे बेंड्स झाले असतील, किंवा ऑरा असलेल्या मायग्रेनचा त्रास असेल, तर बबल कॉन्ट्रास्ट एको करून घ्या, तोही डायव्हिंग समजणाऱ्या कार्डिओलॉजिस्टशी बोलून. भोक बंद करता येतं, पण खोली आणि वेळ कमी करणं हाही इलाजच आहे.

रिब्रीदर घेतला तर धोका कमी होईल?

रिब्रीदर म्हणजे सोडलेला श्वास साफ करून परत वापरणारं मशीन. डेकोच्या बाबतीत फायदा आहे, पीओटू सगळ्या खोलीवर १.२-१.३ ला धरून राहतो आणि हेलियमचा खर्च खूप कमी होतो. पण मशीन माणूस मारायचे नवीन मार्ग आणतं, कमी ऑक्सिजन, जास्त ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड. बेंड्स कमी करायला म्हणून रिब्रीदर घेऊ नका.

डेको पूर्ण न करता वर यावं लागलं तर काय होतं?

१९९१ साली न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर जवळपास ७० मीटरवर एक जर्मन पाणबुडी सापडली, पुढे ती यू-८६९ असल्याचं सिद्ध झालं. १९९२ मध्ये एक बाप-लेक त्या पाणबुडीवर उतरले, दोघंही अनुभवी, ट्रायमिक्सचं ट्रेनिंग झालेले, पण त्या दिवशी हवेवर गेले कारण हेलियम परवडत नव्हता. मुलगा आत सामानाखाली अडकला, बापाने आत शिरून त्याला सोडवलं, या गडबडीत बाहेर ठेवलेले डेकोचे सिलिंडर त्यांना सापडेनात, आणि दोघं जवळजवळ काहीच डेको न करता वर आले. दोघंही गेले, वडील बोटीवर आणि मुलगा परत प्रेशर देणाऱ्या चेंबरच्या उपचारात. हे नुसतं नशीब म्हणून सोडून देता येत नाही. नार्कोसिसने डोकं जड, सिलिंडर अंगावर नाहीत, वेळ हातातून गेलेला, या सगळ्याची साखळी पाण्यात उतरायच्या आधी, गॅस ठरवताना सुरू झाली.

म्हणून प्लॅन करताना नुसतं 'सगळं नीट झालं तर' चं टेबल पुरत नाही. पाच मिनिटं जास्त लागली तर, तीन मीटर जास्त खोल गेलो तर, डेकोचा एक गॅस हरवला तर, प्रत्येकाचं टेबल लिहून खिशात असायला हवं आणि तेवढा गॅस टीमकडे असायला हवा.

लक्षणं कधी आणि कशी दिसतात?

बहुतेकांना पहिल्या काही तासांत, जवळपास सगळ्यांना २४ तासांत. सगळ्यात जास्त सांधेदुखी, खांदा आणि कोपर, खोल कुठेतरी ठणकतं आणि हात कसाही ठेवला तरी आराम पडत नाही. अंगावर, पोटावर, मांडीवर जांभळट-लाल संगमरवरासारखी नक्षी. मुंग्या, बधिरपणा, पाय जड, चालताना तोल जाणं. कमरेभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखणं आणि लघवी न होणं, हे मज्जारज्जूचं लक्षण आहे आणि घाईचं आहे. छाती दुखून कोरडा खोकला, धाप, हेही तसंच. आणि डाइव्हच्या मानाने न शोभणारा प्रचंड थकवा.

बोटीवर हे असं दिसतं. सगळे चहा घेत बसलेत, एकजण गप्प, डाव्या हाताने उजवा खांदा चोळतोय. विचारलं तर म्हणतो "काही नाही रे, सिलिंडर चढवताना लचकला असेल." अर्ध्या तासाने टी-शर्ट काढताना हात वर जात नाही. तरी म्हणतो झोपल्यावर बरं वाटेल. ऑक्सिजनचं किट दोन फुटांवर पडलेलं असतं आणि कुणी उघडत नाही, कारण उघडलं म्हणजे बेंड्स झाले असं सगळ्यांसमोर मान्य केल्यासारखं होतं. बेंड्स म्हणजे काहीतरी चुकवलं असणार, ही लाज डायव्हिंगमध्ये फार जुनी आहे आणि तिने माणसांचं कायमचं नुकसान केलंय. सगळं बरोबर करूनही बेंड्स होतात हे वर लिहिलंच आहे. तेव्हा खोल डाइव्हनंतर २४ तासांत काहीही विचित्र वाटलं तर ते बेंड्सच धरा, जोपर्यंत डायव्हिंगचा डॉक्टर नाही म्हणत नाही तोपर्यंत. आणि शेजारी खांदा चोळणारा दिसला तर त्याच्या 'काही नाही' वर जाऊ नका, मास्क त्याच्या तोंडाला लावा.

लगेच काय करायचं?

शंभर टक्के ऑक्सिजन, ताबडतोब. डिमांड व्हॉल्व्हवाला मास्क उत्तम, नाहीतर पिशवीवाला नॉन-रिब्रीदर मास्क मिनिटाला १५ लिटरवर. आडवं झोपवा, डोकं खाली-पाय वर करू नका. शुद्धीवर असेल, उलट्या नसतील तर पाणी किंवा ओआरएस थोडं थोडं. दारू नाही, मालिश नाही, गरम पाण्याने शेकणं नाही. दुखतंय म्हणून अँब्युलन्समध्ये हसवणारा वायू, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, द्यायला लागले तर नाही म्हणून सांगा, तो बुडबुड्यात शिरून बुडबुडा मोठा करतो. वेळ, खोली, गॅस, लक्षण कधी सुरू झालं हे कागदावर लिहा आणि कॉम्प्युटर पेशंटबरोबर पाठवा. डॅनच्या (डायव्हर्स अॅलर्ट नेटवर्क) हेल्पलाइनला फोन लावा, ती चोवीस तास चालू असते, आणि चेंबरची सोय त्यांच्याशी बोलून करा.

ऑक्सिजनवर अर्ध्या तासात बरं वाटलं म्हणून किट बंद करून जेवायला जाऊ नका. बरं वाटतं आणि परत उलटतं, हे नेहमीचं आहे.

चेंबर जवळपास कुठे आहे?

मुंबईत नेव्हीच्या आयएनएचएस अश्विनीला आहे, अंदमानात श्री विजयपुरमला (आधीचं पोर्ट ब्लेअर) नेव्हीच्याच हॉस्पिटलमध्ये. शहरांमध्ये जखमा भरायला हायपरबॅरिक ऑक्सिजन देणारी सेंटर्स आता बरीच झालीत, पण सगळी बेंड्सचा पेशंट घेतात असं नाही, आणि मऊ पिशवीसारखी चेंबर्स असतात ती तर या कामाची नाहीतच, त्यांचं प्रेशर जेमतेम १.३ पर्यंत जातं. बेंड्सचा नेहमीचा उपचार, अमेरिकन नेव्हीचं टेबल ६, तो २.८ अॅटमॉस्फिअरला सुरू होतो आणि पावणेपाच तास चालतो. म्हणून ट्रिपच्या आधी फोन करा, चेंबर चालू आहे का, ऑपरेटर आहे का, डायव्हर घेतात का हे विचारा. रस्त्याने किती तास लागतील तेही काढा. ५० मीटरची डाइव्ह आणि चेंबर दहा तास लांब, असं असेल तर डाइव्हच त्या हिशोबाने छोटी करायला हवी.

परत पाण्यात जाऊन बुडबुडे दाबून टाकले तर?

हवेवर तर कधीच नाही. तो गडी अजून गॅस भरून घेऊन येतो, आणि पाण्यात बेशुद्ध पडला तर संपलं. शुद्ध ऑक्सिजनवर ९ मीटरला, फुल फेस मास्क, ट्रेनिंग झालेली टीम, शांत आणि गरम पाणी, आणि चेंबर खूप लांब, हे सगळं एकत्र असेल तर काही अनुभवी टीम ते करतात. ज्याला हा प्रश्न पडतो त्याच्याकडे सहसा यातलं काही नसतं.

डाइव्हनंतर किती वेळाने विमानात बसायचं, आणि घाट चढून पुण्याला जायचं असेल तर?

विमानाच्या केबिनमध्ये प्रेशर २४०० मीटर उंचीपर्यंतच्या बरोबरीचं असू शकतं. डॅनचा सल्ला असा की एका साध्या नो-डेको डाइव्हनंतर १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर १८ तास, आणि डेको डाइव्हनंतर १८ पेक्षा बराच जास्त वेळ. ट्रायमिक्सनंतर मी तरी पूर्ण एक दिवस आणि वर काही तास सोडूनच तिकीट काढायला सांगतो.

घाटाचं कुणी विचारतच नाही. आंबोली सातशे मीटरच्या जवळपास आहे, आणि घाट चढलात की परत समुद्रसपाटीला उतरत नाही, कोल्हापूर आणि पुणं साडेपाचशे मीटरच्या आसपासच आहेत. तारकर्लीला आठ-दहा मीटरची फन डाइव्ह करून संध्याकाळच्या गाडीने निघालात तर काळजी करण्यासारखं काही नाही. पण खोल डेको डाइव्ह कुठल्याही किनाऱ्यावर केली असेल तर रात्र किनाऱ्यालाच काढा. गाडीत खांदा दुखायला लागला आणि तुम्ही आंबोलीच्या वळणावर, रेंज नाही, ऑक्सिजन नाही, ही जागा कुणावरही येऊ नये.

मुंबई हायवरचे डायव्हर महिनाभर खोलीवर राहतात, त्यांना कसं चालतं?

ते सॅचुरेशन डायव्हर. ठराविक प्रेशरला शरीर जितका गॅस घेऊ शकतं तितका घेऊन झाला की पुढे दिवस वाढले तरी गॅस वाढत नाही, म्हणून त्यांना जहाजावरच्या चेंबरमध्ये त्याच प्रेशरला ठेवतात, कामाला बेलमधून, म्हणजे तेच प्रेशर असलेल्या छोट्या बंद खोलीतून, खाली, काम झालं की परत चेंबरमध्ये. डीकम्प्रेशन शेवटी एकदाच, दर ३० मीटरला ढोबळ एक दिवस असं धरून. जुलै २०२५ मध्ये नेव्हीत दाखल झालेल्या आयएनएस निस्तारवर ३०० मीटरपर्यंतच्या अशा डायव्हिंगची सोय आहे. तुमच्या आमच्या डाइव्हशी याची तुलना करू नका, त्यांच्यामागे अख्खं जहाज, डॉक्टर आणि लाइफ सपोर्टवाले उभे असतात.

वय, वजन, पाणी, दारू यांनी किती फरक पडतो?

पडतो, पण खोली, वेळ आणि वर यायच्या वेगाएवढा नाही. पाणी पीत राहा, आदल्या रात्रीची पार्टी सोडा, आणि डाइव्हनंतर दोन तास तरी जड काही उचलू नका, डबल सिलिंडर शिडीवरून पाठीवर घेऊन चढणं हेही त्यात आलं. पाण्यातच काढून दोरीला बांधा, बोटीवरची पोरं ओढून घेतील.

एकदा बेंड्स झाल्यावर परत डायव्हिंग करता येतं का?

बऱ्याच जणांना येतं. सांधेदुखीपुरतेच होते आणि उपचारानंतर पूर्ण बरे झालात तर डॉक्टर साधारण महिन्याभरानंतर विचार करतात, मज्जारज्जूचे किंवा कानाचे असतील तर काही महिने आणि नीट न्यूरॉलॉजिकल तपासणी, आणि काही राहिलं असेल, म्हणजे बधिरपणा, तोल, लघवीचा त्रास, तर बहुधा नाहीच. पीएफओ बघून घ्या. फॅमिली डॉक्टरचं 'फिट आहे' हे सर्टिफिकेट इथे पुरत नाही, डायव्हिंग मेडिसिन केलेला डॉक्टर गाठा, नेव्हीतून निवृत्त झालेले काही जण बाहेर प्रॅक्टिस करतात. परत सुरू करताना उथळ नो-डेको डाइव्ह, नायट्रॉक्स (ऑक्सिजन जास्त असलेली हवा) घ्या पण कॉम्प्युटर हवेवर ठेवा, आणि ट्रायमिक्सचं त्यानंतर डॉक्टरशी परत बोलून.